भाड्याने द्यायला पहिला फ्लॅट : पुनावळेचा नवा टू बीएचके की चिंचवडचा जुना वन बीएचके?

गणेश_चाकण

नमस्कार मंडळी. वय ३३, चाकण एमआयडीसीत क्वालिटी विभागात आहे. मूळचा बार्शीकडचा. बायको आणि ४ वर्षांची मुलगी असे आम्ही तिघे चिंचवडला १४,००० भाड्यानं राहतो. हातात पगार ७८,०००. जमवलेले १८ लाख आहेत. त्यातले ६ लाख वडिलांनी विहिरीलगतचा तुकडा विकून दिलेत, म्हणून जास्तच भीती वाटते.

एक घर घेऊन भाड्यानं द्यायचं डोक्यात आहे. दोन पर्याय समोर आहेत.

पहिला : पुनावळे भागात नवीन टू बीएचके, ६८ लाख. अजून खोदाई पण सुरू नाही. एजंट म्हणतो, रेरा नंबर (प्रकल्पाचा सरकारी नोंदणी क्रमांक) महिनाभरात येईल, आत्ता २ लाखांचा चेक देऊन फॉर्म भरला तर चौरस फुटाला ४०० रुपये कमी लागतील. शिवाय "भाड्यातून हप्ता निघेल, टॅक्सही वाचेल." डाउन पेमेंट कमी पडलं तर पर्सनल लोन करून देतो म्हणाला.

दुसरा : चिंचवडमध्येच ११ वर्षं जुना वन बीएचके, दुसरा मजला, लिफ्ट आहे. मालक ४२ लाखांवर अडलाय. तिथं आत्ता १५,००० भाडं येतं म्हणे.

कंपनीतले सगळे पहिलाच घे म्हणतात, जुन्या बिल्डिंगला किंमत वाढत नाही म्हणे. ज्यांनी स्वतः घर भाड्यानं दिलंय त्यांनी सांगावं.

रोहन_वाकड

माझं मत थेट सांगतो, दोन्ही नको. ४२ लाखांवर १५,००० म्हणजे वर्षाला १ लाख ८० हजार, सव्वाचार टक्के, आणि तेही खर्च न धरता. त्यापेक्षा एफडीत जास्त व्याज आहे आणि भाडेकरूचा फोन येत नाही. रिअल इस्टेटच हवी असेल तर शेअर बाजारात रीट (भाड्यानं दिलेल्या मोठ्या इमारतींतले छोटे हिस्से) मिळतात, थोड्या रकमेत घेता येतात. १८ लाख एका भिंतीत अडकवू नका.

नंदा_चिंचवड

गणेश, तुझा प्रश्न काल रात्री वाचला आणि सकाळी वही काढून बसले. मी ३१ वर्षं एका पतसंस्थेत कर्जाच्या टेबलावर काढली, मागच्या वर्षी निवृत्त झाले. आमचे दोन फ्लॅट भाड्यानं आहेत, एक २००९ पासून, दुसरा २०१६ पासून. म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

आधी पुनावळेचं. रेरा नंबर नसताना जाहिरात करायची, बुकिंग घ्यायचं, पैसे घ्यायचे, याला कायद्यानं बंदी आहे. जागा ५०० चौरस मीटरच्या वर आणि फ्लॅट आठाच्या वर असले की नोंदणी करावीच लागते. फॉर्मला काहीही नाव दिलेलं असलं तरी चेक गेला म्हणजे पैसे गेले. नोंदणी झाल्यावरसुद्धा करारनामा रजिस्टर होईपर्यंत किमतीच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम मागता येत नाही. नंबर आला की महारेराच्या साइटवर जाऊन बघ : मंजूर नकाशा, जमिनीवरचा बोजा, ताबा देण्याची कबूल केलेली तारीख, त्याच बिल्डरचे आधीचे प्रकल्प आणि त्यांना मिळालेल्या मुदतवाढी. त्या मुदतवाढीच बघायच्या. चौरस फुटामागं ४०० रुपये वाचतात खरे, पण ती सवलत तुला कुठल्या कागदावर मिळणार आहे ते विचार. कागद नसेल तर ती नुसती बोलण्यातली सवलत आहे.

हे मी इतक्या जोरानं का म्हणते तर आमचा दुसरा फ्लॅट असाच घेतला होता. २०१० ला बुक केला, २६ लाख. ताबा मार्च २०१३ ला मिळणार होता, मिळाला जुलै २०१६ ला. तेव्हा रेरा नव्हता. तीन वर्षं चार महिने कर्जाचं व्याज भरत होतो आणि भाड्याचा एक रुपया नव्हता. मिस्टर दर रविवारी सकाळी साइटवर जायचे आणि परत आले की काही बोलायचे नाहीत. मी विचारायचेही नाही. मुलीच्या बारावीच्या क्लासची फी तेव्हा माझ्या पाटल्या गहाण ठेवून भरली. नाव कुणाचं घेत नाही, पण हे तुझ्या घरात होऊ नये.

आता ६८ चे किती होतात ते मांडू. बांधकाम चालू असलेल्या घरावर जीएसटी ५ टक्के, म्हणजे ३ लाख ४० हजार. (४५ लाखांच्या आतलं छोटं घर असेल तर १ टक्का, हे त्यात बसत नाही.) मुद्रांक शुल्क आपल्याकडे ७ टक्के, ४ लाख ७६ हजार. नोंदणी फी ३०,०००. झाले ७६ लाख ४६ हजार. पार्किंग, क्लब हाउस, सोसायटीचे आगाऊ पैसे यात नाहीत. बँक या रकमेच्या घराला ८० टक्क्यांपर्यंत कर्ज देते, तेही करारनाम्यातल्या किमतीवर. मुद्रांक आणि नोंदणीला बँक पैसे देत नाही. म्हणजे ५४ लाख ४० हजार कर्ज आणि २२ लाखांच्या वर स्वतःचे. तुझ्याकडे १८ आहेत. म्हणून तो पर्सनल लोन म्हणतोय. माझ्या टेबलावर असे अर्ज यायचे, गृहकर्जाचं डाउन पेमेंट दुसऱ्या कर्जातून. ज्यांचे हप्ते थकले त्यांच्यात हे फार असायचे.

हप्ता साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांसाठी धरला तर ४७,२०० च्या आसपास. तुझं भाडं १४,०००. बेरीज ६१,२००. पगारातून उरले १६,८००, त्यात तिघांचं जेवण, शाळा, गाडीचं पेट्रोल, बार्शीला जाणं-येणं. सुरुवातीला बँक टप्प्याटप्प्यानं पैसे सोडते म्हणून हप्ता कमी दिसेल, पण पूर्ण हप्ता एक दिवस येणारच. तुला पुनावळेत टू बीएचकेला २२,००० भाडं आलं असं धरलं तरी "भाड्यातून हप्ता निघेल" हे अर्ध्यापर्यंतच जातं.

आणि टॅक्सचं. नव्या करप्रणालीत भाड्याच्या घराच्या कर्जाचं व्याज त्याच भाड्यातून वजा होतं, पण वर राहिलेला तोटा पगारातून वजा करता येत नाही. जुन्या प्रणालीत वर्षाला २ लाखांपर्यंत करता येतो. तू कुठली घेतोस ते आधी बघ, मग तो वाचलेला टॅक्स हिशोबात धर.

आता वही. आमच्या पहिल्या फ्लॅटचं, चिंचवडचाच वन बीएचके, गेल्या वर्षीचं पान जसंच्या तसं देते. भाडं १५,५००. जुना भाडेकरू मे अखेर गेला, जून रिकामा, त्यामुळं ११ महिन्यांचं भाडं आलं, १,७०,५००. त्यातून मेंटेनन्स २१,६००. आपण स्वतः राहत नाही म्हणून सोसायटीचा बिनवापर आकार १,४४०. महापालिकेचा कर ५,२००. एजंटला अर्ध्या महिन्याचं, ७,७५०. करारनाम्यातला आमचा वाटा १,५००. रंग १४,०००. गिझर ६,५००. बाथरूमचा नळ आणि पाइप, ४,३००. खर्च ६२,२९०. उरले १,०८,२१०. फ्लॅटला आज ४४ लाख सांगतात, त्यावर जेमतेम अडीच टक्के. त्याच्या आदल्या वर्षी भाडेकरू बदलला नव्हता, रंग नव्हता, तेव्हा १,५६,२६० उरले होते, साडेतीन टक्के. म्हणजे भाडेकरू टिकला तर एक टक्का जास्त. यासाठी मी दरवर्षी भाडं ५ टक्क्यांच्या वर वाढवत नाही आणि नळ गळतोय म्हणून फोन आला की दुसऱ्या दिवशी माणूस पाठवते.

बिनवापर आकाराबद्दल एक सांगते, कारण यावरून भांडणं होतात. २००१ च्या सरकारी आदेशाप्रमाणं तो सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त लावता येत नाही. आमच्या सोसायटीनं एकदा महिन्याला सरसकट १,००० लावले होते. आदेशाची प्रत जोडून पत्र दिलं, पुढच्या बिलात दुरुस्त झालं.

रोहनचं म्हणणं मला उत्पन्नापुरतं पटतं. भाड्याचं उत्पन्न एफडीपेक्षा कमीच. किमतीचं म्हणशील तर आमचा पहिला २००९ ला १३ लाख ५० हजारांना घेतलेला, आता ४४. वर्षाला साडेसात-पावणेआठ टक्क्यांची वाढ. दुसरा २६ चा आज ५२ म्हणतात, वर्षाला पाच टक्केसुद्धा नाही. "जुन्या बिल्डिंगला किंमत वाढत नाही" म्हणणाऱ्या तुझ्या मित्रांना हे दोन आकडे दाखव. जुना वन बीएचके चालतो, कारण त्याच्या पंधरा मिनिटांच्या आत दवाखाने आहेत, कंपन्यांच्या बस थांबतात, २०२२ पासून पिंपरीची मेट्रो आहे. आमच्याकडे एकामागून एक कोण राहिलं सांगते : नर्सिंगच्या दोन मुली, मग एक नवं लग्न झालेलं जोडपं, मग आयटीआय झालेला एक मुलगा आणि त्याची आई. प्रत्येकाला कामावर चालत किंवा एका बसनं जायचं होतं. घर घेताना त्या माणसाचा विचार कर. तो किती वाजता निघतो, कशानं जातो, त्याला कितीपर्यंत भाडं झेपतं.

माझं सांगणं एवढंच आहे की पहिलं घर असं घे जे सहा महिने रिकामं राहिलं तरी तुझ्या पगारावर चालेल, स्कूटरवर वीस मिनिटांत पोचता येईल, आणि वेळ आलीच तर तू, बायको आणि पोरगी तिथं राहू शकाल. चिंचवडचा वन बीएचके या तिन्हीत बसतो. ४२ लाख, मुद्रांक २ लाख ९४ हजार, नोंदणी ३०,०००, वकील आणि किरकोळ धरून पावणेसेहेचाळीसच्या आसपास. १५ लाख ७५ हजार तुझे घातलेस तर ३० लाख कर्ज, हप्ता २६,०००. तरी खिशातून महिन्याला १३,००० जातील, मेंटेनन्स धरून. हे मनात ठेवूनच घे. सव्वादोन लाख शिल्लक राहतात, त्यांना हात लावू नकोस.

दोहा_वरून

नंदाताई, वीस मिनिटांचं अगदी पटलं. माझा वाकडला टू बीएचके आहे आणि मी इथं कतारमध्ये. धाकटा भाऊ सगळं बघतो म्हणून चाललंय, नाहीतर गेल्या पावसाळ्यात गच्चीचं पाणी बेडरूमच्या भिंतीत उतरलं ते मला ऑक्टोबरपर्यंत कळलं नसतं. अजून एक, मालक परदेशी राहत असेल तर भाडेकरूला भाड्यातून ३१.२ टक्के टीडीएस कापावा लागतो. हे ऐकून माझे दोन चांगले भाडेकरू परत गेले. गणेश, उद्या परदेशात जायचा विचार असेल तर हे लक्षात ठेव.

कागदपत्र_आधी

मी वकिलांकडे कारकून आहे, शोध घेणं हेच माझं काम. फ्लॅट जुना असला तर थोडं सांभाळून.

मालकाकडून सगळ्या मागच्या खरेदीखतांची साखळी माग, पहिल्या बिल्डरच्या करारनाम्यापासून. प्रत्येकाचा इंडेक्स टू (नोंदणी कार्यालयातला त्या व्यवहाराचा उतारा) ऑनलाइन निघतो. ३० वर्षांचा सर्च रिपोर्ट (मालकी आणि बोजा तपासल्याचा अहवाल) करून घे. भोगवटा पत्र (बिल्डिंग राहायला योग्य असल्याचा महापालिकेचा दाखला) आहे का बघ, पुष्कळ जुन्या बिल्डिंगना नसतं आणि मग बँकाही कुरकुर करतात. जमिनीचं अभिहस्तांतरण, म्हणजे बिल्डरकडून मालकी, सोसायटीच्या नावे झालंय का विचार; नसेल तर मानीव अभिहस्तांतरणाचा (बिल्डर करून देत नसेल तेव्हा सरकारकडून करून घ्यायचं) अर्ज केलाय का. प्राधिकरणाच्या (पिंपरी-चिंचवड नवनगर विकास प्राधिकरण) जागेवर बिल्डिंग असेल तर ती जमीन बहुधा ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याची असते, तसं असेल तर हस्तांतराची परवानगी लागते, त्याचे पैसे कोण भरणार ते आधी ठरव. मालकावर कर्ज असेल तर मूळ कागद बँकेत असतात. बँकेचं बाकी रकमेचं पत्र घेतल्याशिवाय इसार देऊ नकोस.

सोसायटी नाव लावताना "डोनेशन" मागते. महापालिका हद्दीत हस्तांतर अधिमूल्य जास्तीत जास्त २५,००० आहे. त्यावर कुठल्याही नावाखाली देऊ नकोस.

बायकोच्या एकटीच्या नावावर घेतलं तर मुद्रांकात १ टक्का सूट आहे, ४२ हजार वाचतात. दोघांच्या नावावर असेल तर सूट नाही. पण पैसे तुझे असतील तर भाडं तुझ्याच उत्पन्नात धरलं जातं, आणि बँकेला कर्जासाठी पगार तुझा लागणार, तेव्हा आधी बँकेत विचार.

कोथरूड_पेठेतली

पुणे महापालिकेच्या हद्दीत घेणाऱ्यांसाठी : स्वतः राहत असाल तर मिळकत करात ४० टक्के सवलत आहे, पीटी-३ अर्ज भरावा लागतो. भाड्यानं दिलं की ती सवलत जाते. माझ्या शेजाऱ्यांनी हे धरलंच नव्हतं, बिल आल्यावर कळलं. गणेश, तुझं पिंपरी-चिंचवड, तिथले नियम तिथल्या करसंकलन कार्यालयात विचार.

गणेश_चाकण

सगळ्यांचे आभार. ताई, तुमचा हिशोब बायकोला वाचून दाखवला. ती म्हणाली, १६,८०० मध्ये तूच घर चालवून दाखव. पुनावळेचा विषय बंद केला, एजंटला फोन करून नाही सांगितलं. चिंचवडचा रविवारी परत बघणार आहे. काय काय बघू? आणि भाडेकरू कसा ठेवायचा, करार कसा, ते पण सांगा. आत्ताचा भाडेकरू साध्या नोटरीवर आहे म्हणे.

नंदा_चिंचवड

नोटरीवरचा भाडेकरू घरात असताना फ्लॅट घेऊ नकोस. हे पहिलं. मालकाला म्हण, घर रिकामं करून दे, मग खरेदीखत.

यामागचं कारण सांगते. २०१२ ला आमच्या पहिल्या फ्लॅटमध्ये शेजारणीच्या ओळखीनं एक कुटुंब आलं. चांगली माणसं वाटली. १०० रुपयांच्या स्टॅम्प पेपरवर नोटरी केली, रजिस्टर केलं नाही, हजार-दीड हजार वाचवले. चार महिने भाडं वेळेवर आलं. पाचव्या महिन्यापासून आज देतो, उद्या देतो. अकरा महिने संपले तरी ते घरातच. वकिलांकडे गेले तेव्हा त्यांनी विचारलं, "रजिस्टर आहे का?" मी नाही म्हटलं आणि ते थोडा वेळ गप्पच बसले. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याचं ५५ वं कलम असं आहे की करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा, ती जबाबदारी घरमालकाची, आणि नोंदणी नसेल तर अटींबद्दल भाडेकरू जे म्हणेल ते खरं धरलं जातं, उलट सिद्ध होईपर्यंत. अकरा महिने संपल्यावर आणखी सात महिने गेले. डिपॉझिट तर कधीच संपलं होतं. शेवटी त्यांच्या मोठ्या भावानं मध्ये पडून घर सोडवलं. किल्ली द्यायला ती बाई आली होती, कडेवर लहान मूल, आणि माझ्याकडे बघत नव्हती. नवऱ्याची नोकरी गेली होती. मला तिचा राग आला नाही, पण त्या अठरा महिन्यांत आमचे हप्ते चालूच होते.

नोंदणीकृत लिव्ह अँड लायसन्स (ठरावीक मुदतीपुरता राहायच्या परवानगीचा करार) असेल तर मुदत संपूनही घर न सोडणाऱ्याला २४ व्या कलमाखाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करून काढता येतं, आणि मुदतीनंतरच्या दिवसांचं दुप्पट भाडं मागता येतं. खर्च फार नाही. ११ महिने, १५,००० भाडं आणि ४५,००० डिपॉझिट असेल तर मुद्रांक सव्वाचारशेच्या आसपास, नोंदणी १,०००. घरी माणूस मशीन घेऊन येतो, आधारवर अंगठा घेतो, फोटो काढतो, दहा मिनिटांत होतं. भाडेकरूची माहिती पोलिसांना ऑनलाइन भर, पावती फाइलला लाव.

माणूस निवडताना मी तीन गोष्टी करते. कामाच्या ठिकाणचं ओळखपत्र बघते, आधीच्या घरमालकाशी बोलते (आत्ताच्या नाही, त्याच्या आधीच्या, आत्ताच्याला तो जावासा वाटत असेल तर तो चांगलंच बोलणार), आणि घर दाखवताना त्याच्या घरच्यांना बरोबर बोलावते. जात, गाव, काय खातो हे मी कधी विचारत नाही. ते विचारणारे घरमालक महिनोन् महिने रिकामं घर ठेवून बसलेले मी बघितलेत आणि ते मनाला पटतही नाही. भाडं बँकेतच घेते, रोख नाही.

आता रविवारचं. दुपारी जाऊ नकोस, सकाळी सहाला जा. नळ सोड आणि किती वेळ, किती जोरानं येतं ते उभा राहून बघ. मग गेटवर वॉचमनशी चार शब्द बोल आणि ये-जा नोंदवायची वही बघायला माग. आम्ही २०१८ ला पुतण्यासाठी एक फ्लॅट बघायला गेलो होतो, अगदी छान, खेळती हवा. मी सहज ती वही चाळली. एका पानावर, एकाच दिवसात, टँकरच्या नऊ नोंदी, पहिली पहाटे पावणेपाचची. मग सोसायटीची मार्च ते मे ची बिलं मागितली, २,२०० चं मेंटेनन्स उन्हाळ्यात ३,६०० झालेलं. तो फ्लॅट घेतला नाही.

आत गेल्यावर बाथरूमच्या पलीकडच्या खोलीत जा आणि बाथरूमला लागून असलेल्या भिंतीवर, जमिनीपासून गुडघ्यापर्यंत, पालथा हात फिरव. ओल असेल तर तिथं भिंत थंड लागते, रंग नवा असला तरी. कपाट सरकवून मागं बघ. माळ्यावर टॉर्च मार. तिन्ही बिलं माग : लाइट, महापालिका, सोसायटी, तिन्हीवर थकबाकी शून्य हवी. करारनाम्यात कारपेट (भिंतींच्या आतलं क्षेत्रफळ) किती लिहिलंय ते बघ आणि टेप घेऊन दोन खोल्या मोजून टाक. लिफ्टच्या देखभालीचा करार चालू आहे का आणि सोसायटीकडं दुरुस्ती निधी किती शिल्लक आहे हे सेक्रेटरीला विचार. ११ वर्षं झालीत, पुढच्या चार-पाच वर्षांत बाहेरून रंग आणि गच्चीचं वॉटरप्रूफिंग निघणार. निधी नसेल तर तो खर्च तुझ्या डोक्यावर.

गणेश_चाकण

ताई, जाऊन आलो. सहाला पाणी चांगलं होतं, पाऊण तास आलं, टँकरची एकच नोंद, तीही एप्रिलमधली. पण तुम्ही म्हणालात तसा हात फिरवला तर बेडरूमच्या भिंतीला खाली दीड फूट थंड लागलं. मालक म्हणतो पावसाळ्याची ओल आहे, निघून जाईल. भाडेकरूनं हळूच सांगितलं, वरच्या बाथरूमचं आहे, दोन वर्षं झाली. भोगवटा पत्र आहे, अभिहस्तांतरण झालेलं नाही पण अर्ज टाकलाय. बाकी थकबाकी नाही. मालक ४१ वर आला आणि आजच २ लाख इसार रोख दे म्हणतोय, दुसरं गिऱ्हाईक आहे म्हणे.

नंदा_चिंचवड

भाडेकरूनं सांगितलं ते खरं धर. भिंत खालून थंड लागते ती पावसाची ओल सहसा नसते. पावसाची असेल तर बाहेरच्या भिंतीला आणि वरच्या बाजूनं दिसते. मालकाला म्हण, सेक्रेटरी आणि वरच्या मजल्याचे घरमालक यांना घेऊन प्लंबर बोलवू, आणि काम कोण करणार ते सोसायटीच्या पत्रावर लिहून घेऊ. वरच्यांचं बाथरूम फोडून परत फरशी बसवायचं काम आहे, वरच्यांनी तयारी दाखवली तर सुटलं. नाही दाखवली तर भाव अजून खाली यायला हवा, आणि मग तू दर पावसाळ्यात त्यांच्या दारात उभा राहणार आहेस हे समजून घे.

रोख काही देऊ नकोस, एक रुपयासुद्धा. दुसरं गिऱ्हाईक असेल तर असू दे. इसार चेकनं, १ लाख पुरे, आणि इसारपावतीत तीन वाक्यं लिहूनच : बँकेनं कर्ज नाकारलं तर इसार पूर्ण परत, खरेदीखताच्या दिवशी भाडेकरू निघून घर पूर्ण रिकामं, आणि मूळ कागदांत दोष निघाला तर व्यवहार रद्द. याला तो नाही म्हणाला तर पावती न करता घरी ये. सर्च रिपोर्टला वर वकिलांच्या कारकुनांनी लिहिलंय तसा आठवडा द्यावाच लागेल. अभिहस्तांतरणाच्या अर्जाची पोच, त्यावरचा क्रमांक आणि तारीख बघ, नुसतं "टाकलाय" यावर जाऊ नकोस.

वडिलांना फोन करून सांग की इसार अजून दिलेला नाही आणि का दिलेला नाही. त्यांचे ६ लाख आहेत, त्यांनाही रात्री झोप लागली पाहिजे. प्लंबर काय म्हणतो ते इथं लिही.